धुण्याच्या यंत्राचा तोल

कपडे धुण्याचे यंत्र ही आता केवळ शहरातील सधन घरची वस्तू राहिलेली नाही. बेळगाव-खानापूरकडील गावांत आणि गोव्याच्या वाड्यांवाड्यांत अनेक घरांच्या परसदारी किंवा न्हाणीघरात ते येऊन बसले आहे. विहिरीवरचे व नदीवरचे धुणे त्याने पुष्कळ हलके केले, ही गोष्ट खरी. परंतु त्याबरोबर एक नवी तक्रारही घरात आली. कपडे धुऊन होईपर्यंत यंत्र शांत असते. पिळण्याची वेळ आली की ते धडधडू लागते, जागेवरून सरकते, भिंतीवर आपटते आणि कधी कधी मध्येच थांबते. मग वडीलधारी मंडळी म्हणतात, “यंत्र बिघडले.” कोणी म्हणते, “सूनबाईने कपडे कोंबले.” कोणी दुकानदारास दूषण देते. आमचे सांगणे असे की, कोणासही बोल लावण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी. बहुतेक वेळी यंत्र बिघडलेले नसते. त्याचा तोल गेलेला असतो. तो सावरण्याचे उपाय बहुधा घरच्या माणसांच्या हाती असतात, आणि त्यांपैकी पहिल्या दोहोंस एक पैचाही खर्च नाही.

तोल म्हणजे काय, हे शेतकरी कुटुंबांस आम्ही शिकवावे असे नाही. बैलगाडीत भार पुढे अधिक झाला तर गाडी धुरजड होते, मागे अधिक झाला तर उलाळ होते. भार तोच असतो, गाडीही तीच असते; केवळ तो ठेवण्यात चूक झालेली असते. धुण्याच्या यंत्राचेही असेच आहे. भेद इतकाच की गाडी सरळ चालते आणि यंत्राचे पिंप गरगर फिरते. फिरणारी वस्तू किती जोराने बाहेर ओढ घेते, हे ज्याने जोंधळ्याच्या शेतात गोफण फिरविली आहे त्याच्या हातास ठाऊक असते. दगड लहानसा असतो, पण गोफण वेगात आली की मनगट ओढले जाते.

ही ओढ किती मोठी असते, याचा एक हिशेब पाहू. दोन पिंपांच्या यंत्रात पिळण्याचे लहान पिंप असते. त्यास बोलण्यात ‘ड्रायर’ म्हणतात. ते मिनिटाला १३०० च्या आसपास फेरे घेते. त्याच्या मध्यापासून सुमारे ११ सेंटीमीटरवर, एकाच अंगाला, ओल्या कपड्यांचा भार केवळ पाव किलो अधिक झाला, तर बाहेरची ओढ ५० किलोंच्या वर जाते. म्हणजे सिमेंटचे एक भरलेले पोते पिंपास प्रत्येक फेऱ्यात एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ओढीत असल्यासारखे होते. हेच पिंप मिनिटाला ६५ फेरे घेत असते तर तीच ओढ अवघी १३० ग्रॅमची भरली असती. कारण वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, आणि वेग वीसपट झाला की ती चारशेपट होते. कपडे घुसळताना शांत असणारे यंत्र पिळताना का खवळते, याचे कारण हेच होय.

या ओढीने यंत्र बनविणारांनाही आरंभी पुष्कळ सतावले. अमेरिकेत १९३७ साली ‘बेंडिक्स’ नावाचे घरगुती यंत्र पुढे आले. धुणे, खळबळणे व पिळणे ही तिन्ही कामे ते एकाच पिंपात आपोआप करी. परंतु त्याचे पिंप स्प्रिंगांवर झुलते ठेवलेले नव्हते. त्यामुळे ते यंत्र बोल्टांनी जमिनीस जखडावे लागे, नाही तर ते चालू लागे. पुढे कारागिरांनी निराळी वाट धरली. पिंपास घट्ट धरण्याऐवजी त्यांनी ते स्प्रिंगांवर मोकळे टांगले, म्हणजे धक्का बाहेरच्या पेटीपर्यंत न पोहोचता आतल्या आतच जिरावा. दार पुढे असलेल्या यंत्रात आतील पिंपाच्या कवचास काँक्रीटचा किंवा लोखंडाचा जड ठोकळाही बसवितात. ते यंत्र उचलताना इतके जड का लागते, हे आता वाचकांच्या ध्यानी येईल. वरून कपडे घालण्याच्या अनेक यंत्रांत पिंपाच्या काठाशी एक पोकळ कडे असते व त्यात थोडे खारे पाणी भरलेले असते. पिंप वेगात आले की ते पाणी जड बाजूच्या समोर जाऊन थोडाफार तोल सांभाळते. परंतु या सर्व योजनांना मर्यादा आहे. ती ओलांडली की नवी यंत्रे स्वतःच थांबतात. काही पुन्हा पाणी घेऊन कपडे मोकळे करून पाहतात, आणि तरीही न जमल्यास शिट्टी वाजवून फलकावर ‘यूई’ किंवा ‘यूबी’ अशी अक्षरे दाखवितात. ती खूण बिघाडाची असेलच असे नाही. कपडे नीट लावा, असे यंत्राचे मागणे असते.

आता तपासणी कोणत्या क्रमाने करावी ते सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण सोपे कारण आधी पाहिले म्हणजे मेकॅनिकचा हेलपाटा पुष्कळदा वाचतो.

प्रथम कपडे पाहावेत. यंत्र बंद करून पिंप पूर्ण थांबू द्यावे, मगच झाकण उघडावे. बहुधा असे दिसेल की मोठ्या चादरीने लहान कपडे पोटात घेऊन त्यांचे एक गाठोडे केले आहे आणि ते एका अंगाला चिकटले आहे. ते सोडवून कपडे मोकळे करावेत व पिंपाच्या कडेने सगळीकडे सारखे पसरावेत. एकटी गोधडी किंवा एकटे जाड पायपुसणे घातले असेल तर तोल जाणारच. सुती कापड स्वतःच्या वजनाहून अधिक पाणी धरते, आणि तो सारा भार एकाच जागी बसतो. अशा वेळी समोरच्या अंगाला तितकेच जड असे दोन टॉवेल घालावेत. अनेकांस वाटते की कपडे कमी घातले म्हणजे यंत्रास त्रास कमी. दार पुढे असलेल्या यंत्रात एकच जड कपडा घातला तर उलट परिणाम होतो. कोंबून भरणेही तितकेच वाईट. यंत्रावर सात किलो लिहिलेले असते ते कोरड्या कपड्यांचे वजन होय, हे विसरू नये.

ड्रायरमध्ये कपडे घालताना लांब चादर किंवा लुगडे वेटोळे करून तळापासून कडेने लावावे, हाताने सारखे दाबावे आणि वर दिलेली जाळीदार चकती ठेवावी. चकती हरवली म्हणून तिच्यावाचून चालवू नये. ती नसली तर कपडा वर येऊन पिंपाच्या बाहेर अडकतो.

पावसाळ्यासाठी एक विशेष सूचना. रेनकोट, ताडपत्रीचे तुकडे, गादीवरची पाणी न झिरपणारी खोळ या वस्तू यंत्रात पिळू नयेत. त्यांतून पाणी बाहेर पडत नाही. ते एका खोबणीत साचून राहते आणि पिंप पूर्ण वेगात असता एकाएकी सुटते किंवा सरकते. त्या धक्क्याने यंत्र मोडू शकते व माणसास इजा होऊ शकते. असे कपडे दोरीवरच निथळू द्यावेत.

कपडे सारखे लावूनही यंत्र हादरत असेल तर दुसरी तपासणी जमिनीची. आमच्या घरांत यंत्र बहुधा न्हाणीघरात किंवा मोरीजवळ असते, आणि तेथील जमीन पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उतरती केलेली असते. जी जमीन मोरीस योग्य, ती यंत्रास अयोग्य. परसदारी शहाबादी फरशी असेल तर एखादी फरशी पोकळ बसलेली असते. यंत्र रिकामे असता त्याच्या समोरासमोरच्या दोन कोनांवर आळीपाळीने हात दाबून पाहावे. ते डुलले तर एक पाय अधांतरी आहे असे समजावे. यंत्राचे पाय फिरवून कमी-अधिक उंच करता येतात. गवंड्याची पाणसळ वर ठेवून आडवी व उभी अशा दोन्ही दिशांनी पाहावे; पाणसळ नसेल तर पसरट ताटलीत थोडे पाणी घेऊन ठेवले तरी अंदाज येतो. यंत्र समतळ झाले म्हणजे पायावरची चाकी पान्याने पेटीच्या बाजूस घट्ट आवळावी. नाही तर हादऱ्याने पाय पुन्हा फिरतो. लाकडाच्या चिपा व विटांचे तुकडे पायांखाली घालू नयेत. ते कालांतराने सरकतात. चाकांचा स्टँड सोयीचा वाटतो, परंतु वेगाने पिळणाऱ्या यंत्राखाली तो हादरा वाढवितो. हे काम घरातील पुरुषांनी करावे असे आम्ही मुद्दाम सुचवितो. कपडे कसे भरले याचा जाब सुनेला विचारणे सोपे असते. पण जमीन उतरती असेल तर तिने कपडे कितीही नीट लावले तरी यंत्र हलणारच.

तिसरी तपासणी नव्या किंवा नुकत्याच हलविलेल्या यंत्राची. दार पुढे असलेल्या यंत्राच्या पाठीस तीन किंवा चार लांब बोल्ट असतात. वाहतुकीत पिंप आपटू नये म्हणून कारखान्यात ते बसवितात, आणि पहिल्या वापरापूर्वी ते काढावेच लागतात. ते तसेच राहिले तर झुलण्यासाठी टांगलेले पिंप जखडलेले राहते आणि पहिल्याच दिवशी यंत्र सारे घर हादरविते. काढलेले बोल्ट फेकू नयेत. बिलासह एका पिशवीत जपून ठेवावेत, म्हणजे यंत्र दुसऱ्या गावी नेताना पुन्हा बसविता येतात.

चौथी तपासणी यंत्राच्या आतील टांगणीची. प्लग काढून, पिंप रिकामे असता, ते हाताने खाली दाबून सोडावे. ते एकदा वर येऊन स्थिर झाले तर टांगणी चांगली. पाळण्यासारखे पुनःपुन्हा हिंदकळत राहिले किंवा एका कोनाकडे कलते बसले तर स्प्रिंग अथवा धक्का जिरविणारा दांडा थकला असे मानावे. येथे मात्र जाणत्या मेकॅनिकला बोलवावे. पिंप रिकामे फिरतानाही जात्यासारखी घरघर येत असेल तर बेअरिंग झिजले असण्याचा संभव आहे. तेही त्याचेच काम.

वेग घेताना व वेग ओसरताना क्षणभर जो थरार होतो त्याने घाबरून जाऊ नये. झोपाळ्यास योग्य वेळी धक्का मिळाला की तो उंच जातो, तसे एका ठरावीक वेगाला पिंपाचे हेलकावे वाढतात. तो वेग मागे पडला की यंत्र स्थिर होते. थरार न थांबता वाढत गेला तरच ते बंद करावे.

आता काय करू नये ते सांगणे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. हादरणाऱ्या यंत्रावर पाटा किंवा दगड ठेवणे, त्यास दोराने खिडकीला बांधणे, मुलास वर बसविणे हे प्रकार घराघरांत चालतात. वरचा भार बाहेरच्या पेटीवर पडतो; आत टांगलेल्या पिंपाचा तोल त्याने सुधारत नाही. यंत्र थोडे कमी सरकते आणि तोच धक्का बेअरिंग व स्प्रिंगा खातात.

याहून भयंकर म्हणजे ड्रायर थांबण्यापूर्वी आत हात घालणे. झाकण उघडले की ड्रायर काही क्षणांत थांबला पाहिजे, अशी योजना असते. झाकण उघडूनही तो फिरत राहत असेल तर त्याचा ब्रेक निकामी झाला आहे. दुरुस्ती होईपर्यंत तो वापरू नये. झाकणाचा खटका बिघडला म्हणून कोणी तारा परस्पर जोडून देऊ लागल्यास त्यास स्पष्ट नकार द्यावा. थोड्या पैशांच्या त्या खटक्यावर लेकराची बोटे अवलंबून असतात. फिरत्या पिंपात अडकलेला कपडा हातास क्षणात गुंडाळून घेतो. हात मागे घेण्यास तेवढा अवधी मिळत नाही.

तसेच सरकणारे यंत्र आपली वायर ताणते व भिंतीवर घासते. ओल्या जागी अशी सोललेली वायर जीवघेणी ठरते. यास्तव महिन्यातून एकदा प्लग काढून वायर बोटांनी नव्हे, डोळ्यांनी तपासावी. अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या बोर्डावाचून यंत्र चालवू नये.

नाताळापूर्वी गोधड्या, पडदे व चादरी यांचे मोठे धुणे प्रत्येक घरी निघते. ते सारे एका दिवशी उरकण्याचा हट्ट न धरता दोन-तीन दिवसांत विभागावे, जड कपड्याबरोबर त्याच्या तोडीचा दुसरा कपडा घालावा, आणि यंत्राचे पाय त्याआधी एकदा पाणसळीने पाहून घ्यावेत. एवढे केल्यावरही ते हादरले तर मेकॅनिकला बोलवावे, आणि कोणकोणत्या तपासण्या केल्या हे त्यास क्रमाने सांगावे. त्याचाही वेळ वाचेल, आणि न लागणारे भाग बदलण्याचा खर्चही टळेल.