उज्जैनचे बंदर भडोच

उज्जैनला क्षिप्रा आहे, समुद्र नाही. तरीही इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोच बंदराच्या ओघात हे शहर ‘ओझेनी’ म्हणून येते. अकीक, तलम मलमल आणि साधे कापड इथून नर्मदेच्या मुखाशी जाई. तिथली भरती-ओहोटी इतकी दगाबाज, की राजाच्या चाकरीतले कोळी पुढे जाऊन परदेशी जहाजांना वाट दाखवत, ओढून आत आणत. पैठण आणि तेरचा मालही त्याच बंदरात उतरे. समुद्रापलीकडून मद्य, तांबे, कथील, पोवळी, सोन्या-चांदीची नाणी येत. भडोचच्या श्रीमंतीत माळव्याच्या आणि गोदावरी खोऱ्यातल्या पेठांचा मोठा वाटा होता.

उज्जैनची पेठ आणि तिचे बंदर एका हाती येण्याचा योग मराठेशाहीत आला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने भडोच महादजी शिंद्यांकडे आले, तेव्हा त्यांची राजधानी उज्जैनच होती. पण जेमतेम वीस वर्षे! १८०३ मध्ये इंग्रजांनी भडोच घेतले आणि वर्षअखेरीस सुर्जी-अंजनगावच्या तहाने त्यावर शिक्का बसला.

मग माळव्याच्या अफूची कहाणी सुरू होते. इंग्रजांना चुकवून ही अफू पोर्तुगीजांच्या दमणहून चीनकडे जाई. कंपनीने परवाने देऊन ती मुंबईकडे वळवली आणि १८४३ मध्ये सिंध जिंकून कराचीची आडवाटही बंद केली. चीनमधल्या असंख्य घरांची राखरांगोळी करणाऱ्या या व्यापाराने मुंबई बंदर गब्बर झाले. मुंबईच्या इतिहासात हे पान ठळकपणे यायलाच हवे.

आज माळव्याची सोयापेंड पश्चिम किनाऱ्यावरूनच परदेशी जाते. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्राने मंजूर केलेला ३०९ किलोमीटरचा, १८,०३६ कोटींचा इंदूर–मनमाड रेल्वेमार्ग म्हणूनच रखडता कामा नये. धुळे-नाशिकलाही तो हवा आहे. याच किनाऱ्यावर होऊ घातलेल्या वाढवण बंदराची चर्चा मात्र बहुतेक वेळा किनाऱ्यापाशीच थांबते. त्या बंदराला माल कुठून, कोणत्या रुळांवरून येणार, हा प्रश्न तितक्याच जोराने विचारायला हवा.

उज्जैनमध्ये २०२८ च्या सिंहस्थाची तयारी सुरू आहे. भाविकांच्या सोयी हव्यातच. त्याच नियोजनात लहान निर्यातदारांसाठी गोदाम आणि सीमाशुल्क तपासणीची सोयही बसवावी. इथल्याच भैरवगढच्या छपाई कारागिरांकडे जगाला दाखवण्याजोगे कापड आजही आहे. त्यांची चार गाठोडी मोठ्या व्यापाऱ्याच्या मेहेरबानीवाचून बंदराला लागली पाहिजेत.