गीत एकाचे, कंठ दुसऱ्याचा

चैत्र शुद्ध नवमीचा माध्यान्ह समीप येऊ लागला, पाळण्याला फुलांच्या माळा बांधून झाल्या आणि सुंठवड्याचा दरवळ देवघरातून ओसरीवर आला, की महाराष्ट्रातील असंख्य घरांत व देवळांत एक स्वर हमखास ऐकू येतो. तो स्वर कै. सुधीर फडके यांचा. मनमाड रस्त्यालगत, औद्योगिक वसाहतीच्या गजबजाटाला खेटून वसलेले आपले नागापूरही त्यास अपवाद नाही. ‘गीतरामायण’ म्हणजे फडके यांचा कंठ, हे समीकरण आता इतके दृढ झाले आहे की, ही गीते प्रथम अनेक कंठांतून प्रकटली होती याचा विसरच पडावा. आजच्या पर्वकाळी त्या विस्मरणाविषयी काही लिहावे, असे आम्हांस वाटते.

पुणे आकाशवाणी केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्याच दिवशी, या मालिकेतील पहिले गीत प्रसारित झाले. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकर यांचे आणि स्वररचना फडके यांची. दर आठवड्यास एक नवे गीत, असा क्रम वर्षभर चालावयाचा होता. त्या वर्षी अधिक मास आल्याने ५२ ऐवजी ५६ गीते झाली आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीस मालिका पूर्ण झाली. अधिकाचे हे वाण महाराष्ट्राच्या ओटीत कायमचे पडले, असेच म्हणावयाचे! श्रीरामाची गीते फडके यांनी गायिली. सीतेच्या व्यथेला माणिक वर्मा यांचा कंठ लाभला. वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके, मालती पांडे, गजाननराव वाटवे, राम फाटक, सुरेश हळदणकर, व्ही. एल. इनामदार, योगिनी जोगळेकर अशी ती गायकमंडळी होती. पुढे एच. एम. व्ही. कंपनीने दहा दीर्घ ध्वनिमुद्रिकांच्या संचात सर्वच्या सर्व गीते फडके यांच्या एकट्याच्या आवाजात काढली, आणि तोच संच घरोघरी पोहोचला.

स्वररचना त्यांचीच असल्याने त्यांच्या अधिकाराविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शिवाय एकच कीर्तनकार उभा राहून क्षणात दशरथ, क्षणात कौसल्या आणि क्षणात शबरी होतो, हा आपल्या भूमीचा जुनाच रिवाज आहे. फडके यांनी त्या रिवाजाला स्वरांचे रूप दिले. परंतु लाभाबरोबर हानीही झाली, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे. माता कौसल्येची व्यथा आणि परित्यक्ता सीतेचा विलाप स्त्रीकंठातून ऐकताना जी कालवाकालव होते, ती निराळीच. ती पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला फारशी आली नाही.

तथापि, दुसऱ्याचे गीत गाणे हेच मुळी गौण, असे म्हणणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. रामायणाचे पहिले गायक कोण? कुश आणि लव. काव्य महर्षी वाल्मीकींचे, गाणारे त्यांचे शिष्य, आणि श्रोता साक्षात प्रभू रामचंद्र! वारकरी संप्रदायात तर अभंग ज्याचा त्याने गावा, असा हट्ट कोणी धरला असता तर वीणा केव्हाच खाली ठेवावी लागली असती. मात्र संतांनी एक व्यवस्था करून ठेवली आहे. चाल कोणतीही लावा, कंठ कोणाचाही असो, अखेरच्या चरणात ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ ही नाममुद्रा उच्चारल्यावाचून अभंग संपत नाही. आपल्याच जिल्ह्यातील नेवाशाला शके १२१२ मध्ये अवतरलेल्या ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत नाथांनी शके १५०६ मध्ये सिद्ध केली, तीही मूळ कर्त्याचे शब्द कर्त्याचेच राहावेत याच तळमळीने. शब्द राखावा, नाव राखावे आणि गाणे मोकळे सोडावे, ही आपली रीत.

याच रीतीचा कस पं. कुमार गंधर्व यांच्या उपक्रमात लागला. १९६५ साली त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम सादर केला. त्याची ध्वनिमुद्रिकाही निघाली. नारायणराव तेव्हा हयात होते. गंधर्वभक्तांना आपल्या दैवताची पदे दुसऱ्याच्या तोंडून सहजी रुचणार कशी? पण कुमारांनी नक्कल केली नाही. क्षयाने ग्रासलेल्या देहातून घडविलेली आपली छोट्या छोट्या स्वरवाक्यांची गायकी त्यांनी सोडली नाही, आणि ‘उमजलेले’ या एका शब्दाने आपली मर्यादाही सांगून टाकली. लता मंगेशकर यांनी सैगल, रफी, मुकेश आदींची गीते गाऊन जो संच काढला, त्यालाही ‘श्रद्धांजली’ हेच नाव दिले. थोर कलावंत ऋण फेडतो ते असे.

कॅसेटच्या लाटेत मात्र जुनीच गीते नव्या, स्वस्त आवाजात भरून विकण्याचा सपाटा लागला. वेष्टनावर मूळ गायकाचा पत्ता नाही. २०१२ साली दुरुस्त झालेल्या स्वामित्वहक्क कायद्याने त्यास पुष्कळ आळा घातला आहे. मूळ मुद्रणास पाच वर्षे उलटल्यावाचून, हक्कधारकास आगाऊ मोबदला दिल्यावाचून आणि हे पुनर्गायन असल्याचे वेष्टनावर छापल्यावाचून असा संच आता काढता येत नाही. फसवणूक टळली, पूर्वसूरींचे स्मरण कायद्याच्या कक्षेत येत नाही. ते आपणच करावयाचे.

तेव्हा रामजन्मोत्सव करणाऱ्या मंडळांना आमची विनंती आहे. ध्वनिक्षेपकावर गीत लावण्यापूर्वी, अथवा गावातील मुलामुलींनी ते गाण्यापूर्वी, कवी व संगीतकार यांच्याबरोबरच १९५५-५६ साली ते प्रथम कोणी गायिले, तेही सांगावे. देणगीदारांची यादी वाचावयास लागतो त्याहून खचितच कमी वेळ लागेल! आणि पुणे आकाशवाणीने पहिल्या गायकांच्या ज्या ध्वनिफिती जतन झाल्या असतील, त्या दर रामनवमीस, जन्मकाळाच्या घटकाभर आधी, श्रोत्यांना ऐकवाव्यात.