पेटीवर कोण?

यंत्र वर्षभर वापरल्याशिवाय त्याबद्दल या सदरात लिहायचं नाही, हा माझा नेम आज मोडतो आहे. घरी नवा हाय-रेझोल्यूशन म्युझिक प्लेअर येऊन तीनच आठवडे झालेत. एक टेराबाइटची हार्ड डिस्क, आतच डिजिटल फाइलीचं ॲनालॉग ध्वनिसंकेतात रूपांतर करणारा डीएसी, पुढे छोटा पडदा. मागच्या दोन वायरी जुन्या ॲम्प्लिफायरला जोडल्या आणि कपाटातल्या चारेकशे सीड्या एकेक करून, ध्वनीतलं काहीही न गाळणाऱ्या फ्लॅक फाइलींमध्ये उतरवल्या.

पहिल्या संध्याकाळी कुमार गंधर्वांची एक मैफल लावली. गाणं सुरू होण्याआधीच फरक जाणवला. सीडी फिरण्याची घरघर नव्हती, त्यामुळे तंबोऱ्यांचा झंकार भिंतीपाशी उमटून खोलीभर पसरताना ऐकू आला. मग डग्ग्याची घुमक आली, पुडीवरून सरकणाऱ्या मनगटासकट. पेटीचे सूर गळ्याच्या किंचित मागे, पण स्वतंत्र उभे होते. आणखी एक सुख म्हणजे, विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्ये खंड पडत नाही. ट्रॅक दोन असले तरी मैफल एकच राहते. ख्याल ऐकणाऱ्याला या सोयीचं मोल वेगळं सांगायला नको.

या सुखाचं श्रेय आकड्यांना द्यावं का? १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचं माप १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने. हाय-रेझ फाइल बहुधा २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झची असते. नमुने ज्या गतीने घ्यावेत, तिच्या निम्म्यापर्यंतचे कंप पकडता येतात. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत पोचतो, पुढे वयाबरोबर ती मर्यादा खाली येते. तेव्हा कानाला पुरेल एवढं सीडीतच आहे. २४ बिटांचा मोठा उपयोग स्टुडिओत होतो. गायकाचा आवाज अचानक चढला तरी फाटू नये, म्हणून तिथे वर मोकळी जागा ठेवता येते.

तरीही खात्री करून घेतली. एकच मुद्रण दोन्ही मापांत घेतलं, आवाजाची पातळी काटेकोर सारखी केली, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो, आणि मुलीच्या हाती रिमोट देऊन पाठमोरा बसलो. दहा वेळांत सहा वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच जमलं असतं. म्हणून घेणाऱ्यांना माझं सांगणं स्पष्ट आहे: मूळ मुद्रण चांगलं असेल, तर सीडीची फाइल पुरते. खर्च करायचा तो आधी स्पीकरवर आणि ते खोलीत नीट मांडण्यावर करा.

मात्र एवढं स्वच्छ ऐकू यायला लागल्यावर मनात आलं, ही पेटी कोण वाजवतंय? पडद्याकडे पाहिलं. गायकाचं नाव, अल्बमचं नाव, ट्रॅकचा क्रमांक. बस्स. राग कुठला, ताल कुठला, साथीला कोण, काहीच नाही.

याचं मूळ जुनं आहे. एमपी थ्री फाइलीला नाव-गाव चिकटवण्याची पहिली सोय १९९६ साली आली, तेव्हा त्यासाठी जागा होती अवघी १२८ बाइट्स. गाणं, कलाकार, अल्बम, साल, शेरा आणि संगीतप्रकार, एवढेच रकाने. तो साचा तीन-चार मिनिटांच्या गाण्याला पुरेसा होता, आणि आपला ख्याल त्यातच कोंबला गेला. फ्लॅकमध्ये हवा तो रकाना जोडता येतो, ‘राग’ही आणि ‘तबला’ही. पण फाइल विकणारे तो भरत नाहीत आणि भरला तरी माझा प्लेअर तो दाखवत नाही.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं, तेव्हा जेमतेम तीन मिनिटं हाताशी होती. त्यातही शेवटी त्या स्वतःचं नाव उच्चारत, कारण तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापल्या जात आणि लेबल कुणाच्या नावाचं लावायचं हे तिथल्या माणसांना कळायला हवं होतं. तीन मिनिटांतले काही क्षण नावासाठी राखले जात. आज टेराबाइटभर जागा आहे, आणि तबल्यावरचे वसंतराव आचरेकर, पेटीवरचे गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर यांच्या नावांना ओळभर जागा मिळत नाही. कुमारजींची लय आचरेकरांच्या ठेक्याशिवाय तशी उभी राहिली असती का?

संगीत कंपन्यांनी फाइलीसोबत साथसंगतीची नावं द्यावीत आणि प्लेअर बनवणाऱ्यांनी ती दाखवावीत, ही माझी मागणी आहे. तोवर हे काम आपलं. सीड्या उतरवून झाल्यावर त्यांच्या पुस्तिका रद्दीत घालू नका. पुष्कळदा ती नावं फक्त तिथेच असतात. मी रोज रात्री पाच-सहा पुस्तिका घेऊन बसतो आणि पडदा दाखवतो त्या शीर्षकाच्याच ओळीत राग, तबला, पेटी लिहून ठेवतो. काल जेवणं झाल्यावर तीच मैफल पुन्हा लावली. मुलगी पडद्याजवळ गेली, ओळ वाचली आणि म्हणाली, “बाबा, या तबलेवाल्यांचं अजून काही आहे का आपल्याकडे?”