वरच्या विमानाचा जमिनीवरचा हिशेब

कमी आवाजाच्या, कमी धुराच्या विमानांसाठी जगभर संशोधन चाललं आहे. बिदर जिल्ह्यातल्या हुलसूरकडच्या माणसाला त्याचं काय, असं विचारलं तर दोन उत्तरं ठरलेली. एक म्हणतं, विमानात बसणारे बसतील, आपण बस बघावी. दुसरं म्हणतं, आता उसापासून विमानाचं इंधन होणार, कारखानदारीचे दिवस पालटले. पहिलं उत्तर संशोधनाला झटकून टाकतं, दुसरं डोळे मिटून त्याच्या मागे धावतं. दोन्ही तपासून पाहायला हवीत.

पहिला पक्ष एक आकडा पुढे करतो, आणि तो खरा आहे. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. पण त्यावरून ‘मग दुर्लक्ष करा’ हा निष्कर्ष निघत नाही. मोटारी विजेवर नेता येतात, मोठी विमानं नेता येत नाहीत. एक किलो विमान-इंधनात जेवढी ऊर्जा असते, तिच्या चाळिसाव्या हिश्श्याइतकीच आजच्या एक किलो बॅटरीत मावते. बाकीचे धूर कमी होत जातील तसा विमानांचा वाटा वाढत जाणार, आणि भारतात तर प्रवासीही वाढताहेत. तिकीट श्रीमंताचं असेल, पण पावसाचा ताल बिघडला की फटका कोरडवाहू तूरवाल्याला बसतो. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन पाऊस पाडत नाही.

याच पक्षाचं दुसरं म्हणणं आवाजाविषयी आहे. बिदरला हवाई दलाचा तळ आहे. तिथे हॉक विमानांवर लढाऊ वैमानिक घडतात, हवाई कसरतींचं सूर्यकिरण पथकही तिथलंच. देशरक्षण हवं तर आवाज सोसा, असं सांगितलं जातं. तळ हलवा असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण आवाजाला इलाजच नाही, हे म्हणणं विज्ञानाला धरून नाही. गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी 1952 मध्ये दाखवून दिलं, की इंजिनातून सुटणाऱ्या झोताच्या आवाजाची शक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते. म्हणजे वेग निम्मा झाला तर ही शक्ती 256 पटींनी घटते. नव्या प्रवासी इंजिनांनी हेच साधलं: पुढचा पंखा मोठा केला आणि जास्त हवा कमी वेगाने मागे ढकलली. इंजिनाच्या गाभ्यातून एक भाग हवा जाते तेव्हा त्याच्या बाहेरून अकरा-बारा भाग जातात. हॉकच्या अडूर इंजिनात हे प्रमाण एकाच्याही खाली आहे. शांतता हवी तर इंधन जास्त जाळावं लागेल, ही समजूतही इथेच गळून पडते, कारण हवा सावकाश ढकलण्यात इंधनाचीही बचत होते.

लढाऊ विमानाला वेग लागतो, अंग बारीक लागतं. तिथे एवढा मोठा पंखा बसत नाही. तिथे सरावाच्या वेळा आणि मार्ग नीट आखणं हाच जवळचा उपाय. नागरी सेवेचं तसं नाही. 7 फेब्रुवारी 2020 ला बिदरहून बेंगळुरूला पहिली सेवा सुरू झाली ती ट्रूजेटची, म्हणजे प्रोपेलरच्या एटीआर विमानाची. पुढे आलेल्या स्टार एअरकडे एम्ब्राएर जेट आहेत. एवढ्याशा अंतराला प्रोपेलरचं विमान कमी इंधनात पोचतं, वेळ थोडा जास्त घेतं. कुठल्या मार्गावर कुठलं विमान उडावं हाही पर्यावरणाचाच प्रश्न आहे, पण छोट्या शहरांना विमानसेवा देणाऱ्या उडान योजनेची चर्चा विमान आलं की बंद पडलं यापुढे सरकत नाही.

आता दुसरा पक्ष. त्याचा उत्साह अगदीच निराधार नाही. 19 मे 2023 ला पुणे ते दिल्ली विमान उडालं, त्यात पुण्याच्या प्राज कंपनीने शेतमालापासून बनवलेलं इंधन मिसळलेलं होतं. इथेनॉलमधून पाणी काढून इथिलीन करायचं, त्याचे रेणू जोडून लांब करायचे आणि शेवटी हायड्रोजन द्यायचा, ही प्रक्रिया सिद्ध झालेली आहे. असं इंधन नेहमीच्या इंधनात निम्म्यापर्यंत मिसळायला मान्यता आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी भारताने 2027 मध्ये 1 टक्का, 2028 मध्ये 2 आणि 2030 मध्ये 5 टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठरवलं आहे.

घोडं अडतं ते पाण्यापाशी. नीती आयोगाच्याच 2021 च्या इथेनॉल आराखड्यात उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे 2,860 लिटर पाणी धरलेलं आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून एक लिटर विमान-इंधनाला दीड लिटरहून जास्त इथेनॉल लागतं. म्हणजे हिशेब चार हजार लिटर पाण्याच्या पुढे जातो. आणि हे कुठे? ज्या मांजरा खोऱ्यात 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या खोऱ्यात. मळीपासून करू, असं कोणी म्हणेल. पण पेट्रोलमधल्या 20 टक्के इथेनॉलने मळीवर आधीच हक्क सांगितला आहे.

मग शेतातला ‘कचरा’ वापरा, असा शेवटचा युक्तिवाद येतो. यात तथ्य आहे. पानिपतला इंडियन ऑइलने भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉलचा कारखाना उभारला, 10 ऑगस्ट 2022 ला त्याचं उद्घाटन झालं. तिकडे पेंढा रानातच पेटवतात, म्हणून ते शहाणपणाचं. आपल्याकडे मात्र बगॅसवर कारखान्याची सहवीज चालते, पाचट रानात कुजवलं तर जमीन सुधारते, तुराट्या चुलीत जातात आणि कुडालाही लागतात. ज्याला कंपनी कचरा म्हणते ते गरिबाच्या घरचं सरपण आहे. ते उचलायचं तर भाव द्यावा लागेल, आणि त्या घराला दुसरं इंधनही.

माझं मत सरळ आहे. हे संशोधन हवं, आणि त्यात आपला भाग हवा. पण त्याचं मोजमाप विमानाच्या टाकीपासून सुरू करू नये, विहिरीपासून आणि कानापासून करावं. वापरलेलं खाद्यतेल, पेटवून दिला जाणारा पेंढा, शहराचा ओला कचरा यांना पहिला मान. नव्या उसाला सर्वांत शेवटचा. आणि यातलं कुठलंही इंधन टाकीत घातलं म्हणून आवाज कमी होत नाही, तो इंजिनात आणि वेळापत्रकातच कमी करावा लागतो. 2024 मध्ये जगात असं हरित इंधन विमानांच्या एकूण गरजेच्या जेमतेम 0.3 टक्के तयार झालं. एवढ्या बाल्यावस्थेत असलेल्या उद्योगाला योग्य वळण लावायची वेळ आत्ताच आहे. उद्या एखादा कारखाना विमान-इंधनाचा प्रस्ताव घेऊन सर्वसाधारण सभेत आला, तर सभासदांनी दराआधी पाण्याचा आकडा मागावा, आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यावा.