इथं पाणी येत नाही, म्हणणाऱ्यांना

‘आमच्या आजोबांच्या काळापासून इथं पाणी आलेलं नाही.’ मुळा नदीकाठच्या कुठल्याही गावात पुराचा विषय काढला की पहिलं उत्तर हेच मिळतं. मुळशी तालुक्यातल्या नांदे गावातही मिळतं. असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्यानं जे ऐकलं-पाहिलं तेच तो सांगतो. म्हणून मला हे वाक्य सर्वांत धोक्याचं वाटतं आणि आधी त्याचाच समाचार घ्यायला हवा.

आजोबांच्या घरात पाणी आलं नाही, हे खरं. पण का आलं नाही? मुळशीतली जुनी गावठाणं नीट पाहा. वस्ती उंचवट्यावर, तिच्याखाली भाताची खाचरं आणि खाचरांच्याही खाली नदी. पावसाळ्यात मुळा पसरली तर ती खाचरात पसरायची. भात आडवा व्हायचा, क्वचित बांध फुटायचे, पण चुलीपर्यंत पाणी जायचं नाही. ही रचना कुणा अधिकाऱ्यानं आखून दिली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या नदीकडे पाहून माणसांनी ठरवलेली ती जागा होती.

आता वस्ती खाली उतरली आहे. हिंजवडीच्या नोकऱ्या आल्या, सूस आणि म्हाळुंगे २०२१ साली पुणे महापालिकेत गेले, शेजारचं नांदे ग्रामपंचायतीतच राहिलं आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. जिथं इंद्रायणी तांदूळ पिकायचा तिथं इमारती उभ्या राहत आहेत. या घरांसाठी आजोबांची साक्ष चालणार नाही. त्यांनी इथं घर बांधलंच नव्हतं, किंबहुना मुद्दामच बांधलं नव्हतं.

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर आनेयोशी नावाचं खेडं आहे. त्सुनामीत होरपळलेल्या तिथल्या पूर्वजांनी डोंगरउतारावर एक शिळा उभी केली आणि तिच्यावर कोरलं, की या जागेच्या खाली घर बांधू नका. २०११ ची लाट त्या शिळेच्या खालीच थांबली. आपल्या वाडवडिलांनी शिळा कोरली नाही, त्यांनी गावठाणाची जागाच निवडून ठेवली. ती खूण वाचायचं आपण विसरलो.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा असतो. ‘लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर. आपल्या हयातीत कशाला येतोय?’ पाटबंधारे खातं नदीकाठी दोन रेषा आखतं. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध असतात. पण पूर कॅलेंडर बघून येत नाही. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी शंभरात एक शक्यता, आणि ती दरवर्षी नव्याने उभी राहते. गणित मांडून बघा. ३० वर्षांच्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. निळ्या रेषेवरच्या घराचं २० वर्षांचं कर्ज फिटेपर्यंत तिथवर पूर येण्याची शक्यता ५५ टक्क्यांवर जाते. शंभरातल्या पंचावन्न वेळा बुडणाऱ्या धंद्यात नांद्याचा एकही शेतकरी पैसे घालणार नाही. मग घर का घालावं?

‘वर मुळशी धरण आहे, ते पाणी अडवतं’, हा तिसरा आधार. याबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण इथला गैरसमज खोल आहे. सेनापती बापटांच्या सत्याग्रहानं ज्याला विरोध केला, तेच हे टाटांचं धरण. वीज करण्यासाठी त्याचं पाणी सह्याद्रीपलीकडे, कोकणातल्या भिऱ्याला उतरतं. त्यामुळे वर्षाचे बहुतेक दिवस मुळा आपल्याला अंग चोरून वाहताना दिसते. ही नदी एवढीच, असं आपण धरून चालतो. तिचं मूळचं पात्र केवढं होतं हे डोळ्यांना माहीतच राहिलेलं नाही, म्हणून तिच्या काठावर भराव टाकताना हात कचरत नाही. पण धरण भरलं आणि घाटात पाऊस कोसळत राहिला की पाणी खाली सोडावंच लागतं. २५ जुलै २०२४ ला संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वेळी पुण्यात शिवाजीनगरला सुमारे ११४. म्हणजे नांद्यात त्यामानानं कमी पाऊस असताना वर घाटात आभाळ फाटलेलं असू शकतं. शिवाय धरणाच्या खाली, पौडपासून इकडे, ओढ्या-नाल्यांचं जे पाणी मुळेला मिळतं त्यावर कुठल्याच दरवाजाचा ताबा नाही.

धरणावर भाबडेपणानं न विसंबण्याचा धडा तर पुण्यानं घेतलेला आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून पानशेत काही तास तगवलं, त्यामुळे पाणी काळोखात न येता दिवसा आलं. त्या काही तासांनी किती जीव वाचवले याची मोजदाद नाही. मुळशी धरण फुटेल असं मी म्हणत नाही. वेळेवर मिळालेला तास म्हणजे काय, एवढंच मला दाखवायचं आहे.

कुणी म्हणतं, वादळं किनाऱ्यावरच्या लोकांनी बघावीत. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि त्याच दिवशी पुणे जिल्ह्यात शिरलं. झाडं पडली, विजेचे खांब वाकले, घरांवरचे पत्रे उडाले. नांदे आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये सह्याद्रीची एक भिंत आणि काही तासांचं अंतर, एवढंच काय ते आहे. आणि ती भिंतही सुरक्षित नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, १५१ माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गेली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. तेव्हा ‘आमचं गाव यादीत नाही’ हा युक्तिवाद करणाऱ्यांनी इर्शाळवाडीचं नाव आठवावं.

‘एनडीआरएफ आहे की.’ राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आहेच, आणि त्या जवानांबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. त्यांची तुकडी सुदुंबऱ्याला, आपल्याच जिल्ह्यात आहे. पण मोठ्या पावसाच्या रात्री एकाच वेळी किती गावं हाका मारत असतात आणि किती रस्ते बंद असतात? पहिला तास शेजाऱ्याचाच असतो. म्हाताऱ्या आजींना खांद्यावर घेऊन वर आणणारा माणूस गल्लीतलाच असणार. त्याला आजींचं घर ठाऊक आहे का, हा खरा प्रश्न आहे. नव्या इमारतींतल्या लोकांना गावठाणातली माणसं ओळखत नाहीत, गावठाणाला भाडेकरू ठाऊक नाहीत, आणि बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या तर दोघांच्याही खिजगणतीत नाहीत. २९ जून २०१९ ला कोंढव्यात सीमाभिंत अशाच खोल्यांवर कोसळून १५ जण मेले. नांद्याच्या परिसरात आज अशा किती भिंती किती खोल्यांना टेकून उभ्या आहेत, ते मोजायला एक सकाळ पुरेल.

शेवटचा आक्षेप कुजबुजीच्या स्वरात येतो. पुराची खूण रंगवली, नकाशा लावला, तर जमिनीचा भाव पडेल. पडू दे. बुडणारी जागा कोरडी म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि गावानं ती झाकावी असं मागणाऱ्याला गावानं स्पष्ट नकार द्यावा.

एवढं खंडन केल्यावर काय करायचं तेही सांगायला हवं. तयारीनं संकट टळत नाही, पण माणसं वाचतात, आणि याला पुरावा आहे. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसं मेली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर फायलीन आलं तेव्हा जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलवलेलं होतं आणि मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. ओडिशा काही त्या चौदा वर्षांत श्रीमंत झालं नव्हतं. तिथं निवारे बांधले गेले, गावोगावचे स्वयंसेवक तयार झाले, आणि इशारा आला की निघायचं हे लोकांच्या अंगवळणी पडलं.

नांद्याला त्यामानानं फार थोडं करायचं आहे. नदीकाठच्या दोन्ही रेषा कागदावरून जमिनीवर आणा. विजेच्या खांबांवर, शाळेच्या भिंतीवर निळ्या-लाल पट्ट्या मारा, म्हणजे घर घ्यायला येणाऱ्यालाही त्या दिसतील. डोंगराकडून नदीकडे जाणारा प्रत्येक ओढा पायी चालून पाहा आणि कुठं भराव पडला, कुठं नळा अरुंद झाला ते लिहून काढा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्यानं माणसं नेली, आणि तो साधा ओढाच होता. प्रत्येक आळीत, प्रत्येक सोसायटीत दोन माणसं नेमा. एकटे राहणारे वृद्ध, गरोदर बाया, अपंग यांची यादी त्यांच्याकडे असावी. धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला की देवळाच्या भोंग्यावरून तो मराठीत आणि हिंदीत दिला जावा, कारण मजुरांच्या खोल्यांत दवंडी कळायला हवी. गुरं कुठं न्यायची हे आधी ठरवा. गुरांसाठी मागं थांबलेला माणूस अडकतो, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं आहे. म्हणजे नांद्यापासून हाकेच्या अंतरावर ते तयार झालं. भात लावणीला जाणाऱ्या किती जणांच्या फोनमध्ये ते आहे?

यातल्या कुठल्याही कामाला मोठा निधी लागत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण दिलं आहे, त्यांच्याकडून नकाशे आणि प्रशिक्षण हक्कानं मागता येतं. पण मागणारं गाव हवं.

नांद्याच्या गावकऱ्यांना आणि गावात नव्यानं राहायला आलेल्यांनाही माझी विनंती आहे. १ मेच्या ग्रामसभेला दोघंही या आणि हा विषय रस्ते-दिव्यांच्या आधी घ्या. मान्सून पुण्यात साधारण १० जूनला येतो, पण २०२५ साली तो २६ मेलाच आला होता.