जप्ती झाली, रुग्णांचे काय?



पालघरच्या औषध कंपनीवरील कारवाईच्या बातम्या आठवडाभर वाचल्या. टॅपेंटाडॉल हे अफूसारखे वेदनाशामक आणि स्नायू सैल करणारे कॅरिसोप्रोडॉल एकत्र करून बनवलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत जात होत्या. बीबीसीने ते चव्हाट्यावर आणले, मग २१ आणि २२ फेब्रुवारी २०२५ ला अधिकारी पोहोचले आणि सुमारे १.३ कोटी गोळ्या जप्त झाल्या. निर्यातीची परवानगीही मागे घेतली गेली. उत्तम झाले. घाना, नायजेरियातल्या तरुणांबद्दल हळहळ व्यक्त झाली, तीही योग्यच. पण याच जातीच्या गोळ्यांच्या आहारी गेलेल्या इथल्या माणसांबद्दल एक ओळ माझ्या वाचनात आली नाही.

ते मिश्रण भारतात मंजूर नाही हे खरे, पण टॅपेंटाडॉल आणि त्याच वर्गातली ट्रॅमाडॉल इथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. वसई पूर्वेच्या वालीवमधल्या गाळ्यांत दिवसभर उभ्याने प्रेस चालवणाऱ्याची कंबर धरली की त्याला रजा मिळत नाही, गोळी मिळते. माझ्या भाच्याला हायवेवरच्या अपघातानंतर पायात रॉड घातला आणि ट्रॅमाडॉल सुरू झाली. ती कधी आणि कशी थांबवायची, हे कोणी सांगितले नाही. गोळ्या संपल्या आणि दुसऱ्या दिवशी नाक गळू लागले, जांभया, अंगावर काटा, जुलाब, पायांत पेटके, डोळ्याला डोळा नाही. घरच्यांना वाटले मलेरिया. एका दवाखान्याने सलाईन लावून घरी पाठवले. ही टर्की, म्हणजे सवयीची गोळी एकदम तुटल्याचा त्रास आहे, हे ओळखायला चौथा दिवस उजाडावा लागला.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने ‘एम्स’कडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. अमली पदार्थांच्या पूर्ण आहारी गेलेल्या वीस जणांपैकी एकालाच कधीतरी रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले, असे तो सांगतो. विसांत एक! उरलेले एकोणीस कुठे जातात? ते घरात कडी लावून तळमळतात, नाहीतर पुन्हा मेडिकलच्या दारात उभे राहतात. जप्तीचे आकडे कोटीत छापताना हा विसांत एकाचा आकडा कोणी का छापत नाही?

टर्की म्हणजे मनाचा कमकुवतपणा नव्हे. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात, गरज पडल्यास ब्युप्रेनॉर्फिन देतात, घाम आणि अस्वस्थता क्लोनिडिनने आटोक्यात ठेवतात. ही औषधे जुनी आणि माहितीतली आहेत. एकट्याने काही दिवस गोळी बंद ठेवून पुन्हा जुन्याच मात्रेत घेतली, तर मात्र श्वास थांबून जीव जाऊ शकतो, कारण शरीराची सवय तोवर उतरलेली असते. नुसते ‘सोडून दे’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे वाचावे. नुसत्या बंदीनेही भागत नाही. ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणली, तेव्हाही पुरवठा आवळला गेला आणि पंजाबात टॅपेंटाडॉलने तिची जागा घेतली. उपचाराविना बंदी घातली की हेच होणार.

आम्हाला सल्ला मिळाला, मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात जा. जुलाब आणि पेटके यांनी गळालेल्या पोराला वालीव नाक्यावरून रिक्षाने वसई स्टेशनला आणायचे आणि गर्दीच्या वेळी विरार लोकलमध्ये चढवायचे, असा हा सल्ला आहे. हायवेची अवस्था अशी की गाडीचे नावच नको. लाखोंच्या वस्तीची वसई-विरार महापालिका २००९ पासून आहे. तिच्या रुग्णालयात टर्कीच्या रुग्णांसाठी चार खाटा आणि एक मनोविकारतज्ज्ञ का असू नये?

आणि मेडिकलवाल्यांचेही पाहा. चिठ्ठी न बघता, बिल न देता सुट्ट्या गोळ्या कापून देणाऱ्यांवर औषध प्रशासनाने आधी हात टाकावा. कॅन्सरच्या रुग्णाला लागणारे मॉर्फीन यात अडकू नये, एवढी काळजी मात्र घ्यावी.

पोलिसांच्या भीतीने अनेक घरे गप्प बसतात. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण आहे. ते कलम आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा निःशुल्क हेल्पलाइन क्रमांक वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर मराठी आणि हिंदीत लावण्याचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी याच महिन्यात काढावा.

— एक वाचक, वालीव, वसई (पूर्व)