लस मुलींसाठी, त्यांच्या आयांचे काय?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चर्चा आपल्या देशात आता जवळजवळ लसीपुरतीच उरली आहे. लस हवीच. मात्र हा रोग ज्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो त्याची जनुके पाहिली, तर तेवढ्याने भागणार नाही हे ध्यानात येते.

या विषाणूचा जीनोम सुमारे ८,००० बेस-जोड्यांचा. माणसाचा सुमारे ३०० कोटींचा. (एवढ्या तुटपुंज्या सामग्रीत एवढे घडते, याचे भौतिकशास्त्राच्या माणसाला अप्रूप वाटणारच.) त्यातील ई-६ आणि ई-७ ही दोन जनुके घातक. ई-६चे प्रथिन बिघडलेल्या पेशीला थांबवणारे पी-५३ नष्ट करवते. ई-७चे प्रथिन पेशीविभाजनाला लगाम घालणारे आरबी निकामी करते. आरंभी विषाणूचेच ई-२ हे जनुक या दोघांना आवरून धरते. संसर्ग वर्षानुवर्षे टिकला, तर पुष्कळदा विषाणूचा वर्तुळाकार डीएनए तुटून आपल्या गुणसूत्रात जोडला जातो. त्यात ई-२ खंडित होते आणि ई-६, ई-७ मोकाट सुटतात. यात विषाणूचा लाभ काहीच नाही. असा अडकलेला डीएनए नवे विषाणू घडवू शकत नाही. संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारणतः १५ ते २० वर्षे जातात.

लस बनते ती एल-१ या कवचाच्या प्रथिनापासून. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅकही तशीच. कर्करोगाकडे झुकलेल्या पेशी एल-१ बनवतच नाहीत. त्यामुळे लसीने तयार झालेली प्रतिपिंडे तेथे निरुपयोगी ठरतात. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात या कर्करोगाने सुमारे ८०,००० स्त्रिया दगावल्या. आज तिशी-चाळिशीत असलेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या वाट्याला लस आलीच नाही.

त्यांच्यासाठी उपाय आहे, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही डीएनए चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. त्याच अभ्यासात अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेल्या तपासणीने तशी लक्षणीय घट दिसली नाही. मुंबईतील वस्त्यांमध्ये तीच तपासणी वारंवार केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हेही खरे; पण ती दर दोन वर्षांनी करावी लागली.

डीएनए चाचणी महाग पडते, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु ती पस्तिशीत एकदा आणि पंचेचाळिशीत एकदा पुरते, नमुनाही स्त्री स्वतः घेऊ शकते. मुलीच्या लसीची नोंद करताना तिच्या आईच्या हाती नमुना घेण्याचा संच द्यावा, एवढी तरतूद राज्यांनी लसीकरणाच्या आराखड्यातच करावी.